दिव्याचा अध्याय

आजवर माझ्या नावावर पुष्कळांनी तोंड चालवलं. 'पोथीत लिहून आहे' म्हणत कोणी भांडणं मिटवली, कोणी नवी लावून दिली. मी मात्र लाल कापडात गुंडाळलेली, मुकाट. आज म्हटलं, दुसऱ्यांनी सांगण्यापेक्षा आपलं आपणच सांगावं. मी पोथी आहे, पिपरटोल्याच्या विठोबाच्या देवळातली.

माझं छापील नाव विचारू नका. ते पहिल्या पानावर होतं आणि ते पान केव्हाच गळून गेलं. गावात मला नावानं कोणी हाक मारतही नाही. घरातल्या म्हातारीला जसं नुसतं 'बुढी' म्हणतात, तसं मला नुसतं 'पोथी' म्हणतात. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

माझा जन्म छापखान्यातला. शिशाचे खिळे एकेक जुळवून माझ्या ओव्या उभ्या केल्या. मग कागद, मग शाई, मग सुईदोरा. ज्यानं मला शिवलं आणि पाठीला सरस लावला त्यानं माझ्यातली एक ओळही वाचली नाही. त्याला घरी जायची घाई होती. देवाचं म्हणून जे सांगतात तेसुद्धा माणसाच्याच हातून, तेही घाईगर्दीत तयार होतं, एवढं मी तेव्हाच समजून चुकले.

पुढं कशी कुणास ठाऊक, मी मार्कंड्याच्या जत्रेत येऊन पडले. महाशिवरात्र होती. एका फडक्यावर आम्ही दहा-बारा पोथ्या ऊन खात पडलो होतो, शेजारी आरसे-कंगव्यांचं दुकान. आरशांपुढे गर्दी मावत नव्हती. आमच्याकडे लोक नमस्कार करून पुढं जायचे. नमस्काराला पैसे पडत नाहीत ना!

तिथं लटारू आला. पिपरटोल्याचा धानकरी शेतकरी, विशीतला, शाळेत सातवीपर्यंत गेलेला. त्यानं मला उघडलं आणि ओठ हलवत एक ओवी वाचली. त्याच्या मागं त्याची मोठी बहीण सोनीबाई उभी होती. पांढऱ्या कपाळाची, हातात काकणं नसलेली. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा साप चावून गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची.

"घे ना लटारू," ती म्हणाली. "गावात एक त पोथी पाह्यजे. आपण का शेजारच्या गावात जाऊन उधारीचा देव आयकाचा?"

लटारूनं घासाघीस केली, तिनं मला पदरात घेतलं. नदीच्या पात्रातून परत जाताना तिनं मला डोक्यावर धरलं होतं, पाणी गुडघ्यापर्यंतसुद्धा नव्हतं तरी. त्या दिवसापासून मी स्वतःला सोनीबाईची समजते. कागदोपत्री मी देवळाची असेन, पण माया कागद पाहून लागत नाही.

आमच्याकडे धानाची रोवणी आटोपली, शेतातल्या बांध्या हिरव्या झाल्या की श्रावणात पोथी लावतात. महिनाभर रोज एक अध्याय. एक जण ओव्या वाचतो, अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात. कोणी पेंगतात, कोणी मांडीवरच्या लेकराला थोपटतात. नियम मोजकेच. पोथीपुढं दिवा पाहिजे. आणि अध्याय एकदा उघडला की तो संपेपर्यंत वाचणाऱ्यानंही उठून जायचं नाही अन् ऐकणाऱ्यानंही नाही. अर्धा अध्याय सोडणं म्हणजे जेवत्या माणसापुढचं ताट ओढणं, असं आमच्याकडची माणसं मानतात.

पहिल्या श्रावणात पहिल्या दिवशी दिवा लावायची वेळ आली तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहू लागले. निरंजन सोनीबाईनं घासूनपुसून आणलं होतं, वातही तिनंच वळली होती. लटारू म्हणाला, "बाई, तूच लाव." तिनं इकडंतिकडं पाहिलं, हात लांब करून दिवा लावला आणि पटकन मागं सरून खांबाआड बसली. मागं दोघी-तिघी कुजबुजल्या. लटारूनं खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली आणि कुजबुज बुडाली.

लटारूची एक चांगली सवय होती. उद्याचा अध्याय तो आज दुपारी घरी चाळून ठेवायचा, म्हणजे चारचौघांत अडखळायला नको. अशाच एका दुपारी तो पडवीत मला मांडीवर घेऊन बसला होता. अंगणात सोनीबाई तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज येत होता.

माझ्यात दिव्याचा एक अध्याय आहे. एक म्हातारी विधवा दिवा घेऊन देवळाच्या पायरीशी येते, अशी गोष्ट. लटारूनं हसऱ्या तोंडानं पान उलटलं. पुढं देवळाचा पुजारी तिला अडवतो आणि म्हणतो:

पतीविण नारी अमंगळ जाण ।
तिचे हातींचा दीप अप्रमाण ।
देवद्वारीं तिणें घेऊन आपण ।
येऊं नये ॥

लटारूचे ओठ थांबले. त्यानं ती ओवी पुन्हा वाचली. मग त्यानं अंगणाकडं पाहिलं. सोनीबाई आपल्याच नादात गुणगुणत होती, उद्यासाठी तूप काढून ठेवायचं असं बहुधा मनाशी म्हणत असेल.

तो उठला, चुलीपाशी गेला आणि सकाळचा थोडा भात मुठीत घेऊन आला. आमच्या धानाच्या मुलखात डिंक कोण विकत आणतो? पतंग असो की पाकीट, भाताची शितं चुरडली की काम झालं. त्यानं ती शितं बोटानं चुरडून त्या पानावर फासली आणि समोरचं पान वर दाबलं. ओवी आत गेली. बोटावर अजून भात उरला होता. पुढंही असंच काही असेल, या धाकानं त्यानं न वाचताच पुढचं पानही चिकटवून टाकलं. वरून मला धानाच्या पोत्याखाली ठेवलं.

माझा जीव घुसमटला. पोत्यानं नाही हो! त्यानं जे पान न वाचता चिकटवलं त्यावर देवाचं उत्तर होतं. पुजारी जे बोलला त्याला देव स्वतः काय म्हणाला ते तिथं लिहिलं होतं. लटारूनं शिवी लपवली आणि तिच्याबरोबर आशीर्वादही लपवला. मायेनं केलेल्या चुकीला काय म्हणावं, मला अजून कळलेलं नाही. त्या वर्षी मुंग्यांनी मात्र माझ्यात चांगलंच जेवण केलं.

तेव्हापासून आमच्या गावात दिव्याचा अध्याय फार आखूड झाला. म्हातारी दिवा घेऊन पायरीशी पोचायची, लटारू 'हरी विठ्ठल' म्हणायचा आणि अध्याय संपायचा. इतक्या लवकर कसा संपला, असं कोणी विचारलं नाही. ऐकणाऱ्याला आखूड अध्याय आवडतातच.

फक्त सोनीबाई दर श्रावणात, पोथी लागायच्या आदल्या दिवशी त्याला विचारायची. "लटारू, सारी पोथी पाह्यली ना तू? माह्यासारखीनं दिवा लावू नोको, असं त नाई ना कुठी लिहून?"

"नाई वो बाई. देवाची पोथी होय. असं काऊन लिहून राहीन?"

ती मान हलवायची. पण त्याच्या 'नाई'नं तिचं पुरतं समाधान कधी झालं नाही. भावाचं तोंड एक सांगायचं आणि शेजारणींचे डोळे दुसरं. म्हणून तिनं जन्मभर दिवा लावला तो हात लांब करून, आणि ऐकलं ते खांबाआडून. मी समोर बसून पाहत होते. तुझ्यासाठीच एक ओवी माझ्या पोटात आहे, असं तिला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण आम्हा पोथ्यांना आवाज दुसऱ्याच्या घशातून घ्यावा लागतो.

एका पावसाळ्यात सोनीबाई तापानं गेली. पुढच्या श्रावणापासून दिवा लटारूची बायको रुखमाबाई लावू लागली. ती हसतमुख, बोलघेवडी, दिवा लावून थेट पुढं बसणारी. अक्षरओळख नाही, पण ओवी ऐकताना डोळे मिटून डुलायची. तिच्यासाठी जगात दोनच गोष्टी खऱ्या होत्या: धानाचं पीक आणि पोथीतलं वचन. त्यातही पीक एखादे वर्षी फसवतं, पोथी फसवत नाही, असं ती म्हणायची. ऐकून माझी पानं आखडायची.

दोन वर्षांपूर्वी लटारूही गेला. वय झालं होतं, धान कापताना बसला तो उठला नाही. पुढच्या श्रावणात मला कोणी उघडलं नाही. कोनाड्यात पडून होते. एका पालीनं माझ्या कापडावर संसार मांडला. रुखमाबाई मात्र रोज येऊन कोनाड्यापुढं दिवा लावायची. "वाचणारा गेला त का झालं, पोथी त जित्ती आहे," म्हणायची.

मागच्या श्रावणात गावानं प्रफुल महाराजांना बोलावलं. महाराज म्हणजे दाढीही नीट न फुटलेला तरुण मुलगा. चार वर्षं बाहेर गुरूंकडं राहून शिकला होता. आवाज गोड, पाठांतर चोख. पोथी वाचायची वेळ आता दुपारची झाली होती, कारण गावाच्या शिवारात वाघ फिरत होता आणि दिवस मावळला की कोणी दाराबाहेर पडत नव्हतं. पहिल्याच दुपारी रुखमाबाई निरंजन घेऊन पुढं आली. पांढरं कपाळ, ओच्यात काडीपेटी.

महाराजांनी हळूच हात आडवा केला. "माय, राग नका मानू. दिवा तुम्ही नका लावू."

"काऊन जी?"

"पोथीत लिहून आहे. नवरा गेलेल्या बाईनं देवापुढं दिवा लावू नये."

मागून कोणी तरी म्हणालं, "महाराज, सोनीबाई त जलमभर लावत होती."

"ती गावाची चाल झाली," महाराज म्हणाले. आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. "चाल बदलते. पोथी प्रमाण. हे मी माझ्या मनचं नाही म्हणून राह्यलो. दिव्याच्या अध्यायात आहे, माझ्या गुरूंनी शिकवली ती ओवी."

मला वाटलं, रुखमाबाई भांडेल. ती भांडली नाही. निरंजन तिनं पाटावर ठेवलं. "पोथीत लिहून असन त मी वातीले हात नाई लावणार," ती म्हणाली. "पोथीपेक्षा मी मोठी नाई. पण दिव्याचा अध्याय मी माह्या कानानं किती खेपा आयकला, त्यात असं नाई. तो अध्याय येऊ द्या. मले दाखवा. तोवर तुमीच लावा."

आणि ती जाऊन खांबाआड बसली. सोनीबाई बसायची तिथंच. मला ते पाहवलं नाही. पुढचे दिवस दिवा महाराज लावायचे, आणि रुखमाबाई डोळे मिटून डुलणं विसरली होती. घरी तर ती जेवतही नव्हती धड, हे मला तिच्या नातीच्या बोलण्यावरून कळलं.

नात म्हणजे दिव्यानी. गडचिरोलीला नर्सिंग शिकते. राखीच्या सुटीत एसटीनं आली आणि आजीची अवस्था पाहून देवळातच तिच्यावर चिडली. "आजी, तू कायले ऐकतेस त्याचं? लाव नं दिवा. कोण हात धरते पाहतो मी!"

"महाराजाचं नाई आयकत मी पोट्टे," रुखमाबाई म्हणाली. "पोथीचं आयकतो. तुह्या आज्यानं जलमभर वाचली, मी जलमभर खरी मानली. आता माह्यावर आली त खोटी म्हणू? मंग जलमभर मानली ते का होतं?"

 

दिव्याच्या अध्यायाचा दिवस आला तेव्हा देऊळ भरलं होतं. एरवी न येणारेही आले. तमाशाला माणसं कमी पडत नाहीत. देवळाच्या अंगणात त्या दिवशीच्या प्रसादाचा भात चुलीवर रटरटत होता. महाराजांनी मला उघडलं, म्हातारी दिवा घेऊन पायरीशी आली, आणि त्यांचा अंगठा अडला. पान जाड लागत होतं.

"चिकटलं आहे," ते म्हणाले. त्यांनी नखानं कडा खरवडली. एक पिवळट कण खाली पडला. रुखमाबाई खांबाआडून उठून जवळ आली, तो कण तिनं बोटावर घेतला आणि पाहत राहिली.

"हे त भाताचं शित होय," ती म्हणाली. पाकीट असो, पोरांचे पतंग असोत, घरात शितानं चिकटवणारं माणूस एकच होतं.

"वाफेवर धरलं त सुटन," दिव्यानी म्हणाली. तिनंच मला उचललं, भाताच्या पातेल्याचं झाकण सारून माझी पानं वाफेवर धरली. इतक्या वर्षांनी मला भाताचा ऊन वास आला. कडा हळूहळू सैल झाली. पहिला जोड सुटला.

महाराजांनी मला परत मांडीवर घेतलं आणि ती ओवी वाचली. पतीविण नारी अमंगळ जाण. वाचताना त्यांचा आवाज खाली गेला. त्यांना जिंकल्याचा आनंद झाला नाही, हे मी जवळून पाहिलं. ओवी पाठ म्हणणं वेगळं आणि समोर बसलेल्या म्हातारीला ती वाचून दाखवणं वेगळं.

रुखमाबाईचं तोंड उतरलं. "म्हणून चिकटवलं त्यानं," ती पुटपुटली. "सोनीबाईसाठी."

"फाडून टाक आजी ते पान!" दिव्यानी म्हणाली.

"पोथी फाडतात का वो? लिहून आहे त आहे." रुखमाबाईनं मला नमस्कार केला आणि ती जायला निघाली. उंबऱ्यापाशी ती थांबली. आपण काय करतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं असावं. तिनं मागं वळून विचारलं, "महाराज, अध्याय सरला का?"

महाराजांनी पानं चाचपली. "नाही माय. पुढचंही पान चिकटलेलं आहे."

"मंग मले जाता येत नाई," ती म्हणाली आणि होती तिथंच उंबऱ्याशी बसली. "उघडा. आनखी का का लिहून आहे ते आयकून घेतो. अर्धा अध्याय सोडून नाई जात मी."

जन्मभर पाळलेला नियम तिनं त्या वाईट घटकेलाही मोडला नाही. माझा ऊर भरून आला. शिवलेल्या पाठीला ऊर असतो का, ते विचारू नका.

दुसरा जोड चिवट निघाला. तिथं भात जास्त लागला होता. दिव्यानीनं पुष्कळ जपून सोडवलं तरी पानाचा वरचा पापुद्रा सुटला आणि अक्षरं समोरच्या पानाच्या कोऱ्या भागावर जाऊन बसली, उलटी. तिनं वाचायचा प्रयत्न केला आणि मान हलवली. "काईच समजत नाई."

आता सगळं प्रफुल महाराजांच्या हातात होतं. 'अक्षरं गेली' म्हणून ते मला मिटू शकले असते, त्यांना कोणीही दोष दिला नसता. त्यांचं वचन सिद्ध झालं होतं. उलट्या अक्षरांचं ते पान त्यांनी डोळ्यांजवळ धरलं. मग मला घेऊन ते दाराशी गेले, जिथं श्रावणातलं ऊन नुकतंच पडलं होतं, आणि ते पान त्यांनी उन्हात धरून मागच्या बाजूनं पाहिलं. मागची बाजू कोरी होती. उलटी अक्षरं उजेडातून सुलटी दिसू लागली. ते एकेक शब्द जुळवत वाचू लागले, पहिलीतलं पोर वाचतं तसे. देव पुजाऱ्याला म्हणत होता:

तुमचिया दीपें मज पाहती जन ।
तिचिया दीपें मी पाहें त्रिभुवन ।
तो दीप विझतां माझे नयन ।
अंध होती ॥

महाराज थांबले. पुन्हा वाचलं, या खेपेला न अडखळता. मग त्यांनी अर्थ सांगितला, पण नेहमीसारखा लांबवून नाही. "देव म्हणतो, तुमच्या दिव्यानं लोक मला पाहतात. तिच्या दिव्यानं मी जगाला पाहतो. तो विझला तर मी आंधळा होईन." त्यांनी पान खाली घेतलं. "माझ्या गुरूंनी मला आधीचीच ओवी सांगितली होती. ती पुजाऱ्याची आहे. देवाची ही आहे. मीही पुढं पाहिलं नाही."

त्यांनी पाटावरची काडीपेटी उचलली, उंबऱ्याशी जाऊन रुखमाबाईपुढं धरली. "माय, दिवा लावा."

सगळ्यांना वाटलं, ती आता हसेल. ती हसली नाही. काडीपेटी हातात घेऊन तिनं पदर डोळ्यांना लावला आणि लहान पोरीसारखी रडू लागली. "हे सोनीबाईसाठी होतं वो. जलमभर भेत भेत दिवा लावला तिनं. हे आयकल्याबिगर गेली बिचारी."

थोड्या वेळानं ती उठली आणि निरंजन लावलं. हात लांब न करता, अगदी जवळ बसून. दुपारच्या उजेडात ती ज्योत दिसतही नव्हती धड. पण लावली तिनं.

प्रसाद वाटताना दिव्यानीनं तिला हळूच विचारलं, ते मी ऐकलं. "आजी, पुढचं पान नसतंच त? देवानं असं म्हटलंच नसतं त का केलं असतं?"

रुखमाबाईनं विचार केला. द्रोणातला भात कालवत म्हणाली, "त देवळात नसता लावला. घरी लावला असता. पण लावला असता."

मी पोथी. मला याचा राग यायला हवा होता. आला नाही. ज्या बाईनं मला सगळ्यांत जास्त मानलं तिनंच हे म्हणावं, यात मला माझा मानच वाटला.

आता माझी अवस्था सांगते. दिव्याच्या अध्यायाची तीन पानं सुरकुतली आहेत, भाताचे डाग पडले आहेत. महाराजांनी ती ओवी स्वच्छ अक्षरात कोऱ्या जागेवर लिहून ठेवली आहे. पुजाऱ्याची ओवी कोणी खोडली नाही, तेही बरं झालं. माझ्यात कडू आहे, मी नाकारत नाही. आणि हेही लपवत नाही की माझ्यातल्या प्रत्येक पुजाऱ्याला पुढच्या पानावर असं उत्तर मिळतंच, असं नाही. मला प्रमाण मानणाऱ्यांना म्हणून एवढंच मागणं आहे. माझं बोट धरा, पण कोण बोलतं ते विचारा, आणि कडू लागलं म्हणून मधेच थांबू नका. ज्याच्यावर तुमची माया आहे त्याच्यापासून तर मला मुळीच लपवू नका.

गावात पितृपक्षात सोनीबाईचं पान कोणी मांडत नव्हतं. मूल ना बाळ, नवऱ्याच्या घरचंही कोणी नाही, कोण मांडणार? मागच्या सर्वपित्रीला रुखमाबाईनं आपल्या घरी मांडलं. पळसाच्या पत्रावळीवर भात, वडे, कढी, कोहळ्याची भाजी. दिव्यानी गडचिरोलीला परत गेली होती, म्हणून वाचायला कोणी नव्हतं. रुखमाबाईनं बोलावणं धाडलं नव्हतं, तरी प्रफुल महाराज सकाळीच देवळातून मला घेऊन सायकलवर आले. आल्याबरोबर हातपाय धुऊन मला कापडातून काढलं.

रुखमाबाईनं मला त्या पत्रावळीसमोर ठेवायला लावलं, तोंड तिकडं करून. दिवा लावला. मग रिकाम्या पाटाकडं पाहून म्हणाली, "सोनीबाई, भावानं तुले मायेनंच सांगतलं नाई. त्याच्यावर रागावू नोको. आता आयक."

महाराजांनी वाचलं. त्यांच्या घशातून मी पहिल्यांदाच तिच्याशी बोलले.